झोपलेल्याचा न्याय

२००९ सालच्या पावसाळ्यातील ही गोष्ट. वसई परिसरातील एका धर्मग्रामात आम्ही त्या वेळी सेवेला होतो. रविवारची सकाळची मिस्सा चालू होती आणि प्रवचनाचा विषय होता आळस. शेवटून दुसऱ्या बाकावर पंचविशीचा एक तरुण हनुवटी छातीवर टेकवून गाढ झोपला होता. मधूनच त्याचे डोके शेजारी बसलेल्या आईच्या खांद्यावर कलंडत होते आणि ती ते हलकेच सावरीत होती. सलग तिसऱ्या रविवारी हे दृश्य आमच्या नजरेस पडत होते. त्या दिवशी आमचा तोल सुटला. आळशी माणसाने मुंगीकडे जाऊन शहाणपण शिकावे, हा नीतिसूत्रांच्या ग्रंथातील उपदेश आम्ही मुद्दाम त्या बाकाकडे पाहत चढ्या आवाजात सांगितला. आणि वर अशी पुस्ती जोडली की, इवल्याशा मुंगीला जे कळते ते आपल्याकडच्या काही धडधाकट तरुणांना कळत नाही. चर्चमध्ये हशा पिकला. माना मागे वळल्या. तो तरुण दचकून जागा झाला आणि लोक कशाला हसत आहेत हे न उमगल्यामुळे तोही त्यांच्याबरोबर कसनुसा हसला.

मिस्सा संपल्यावर त्याची आई वेदीमागच्या खोलीत आली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. "फादर, तुम्ही नवीन आहात, तुम्हांला ठाऊक नसणार," ती म्हणाली, "माझ्या पोराला गेल्या पावसाळ्यात अपघात झाला. तो झोपत नाही फादर, झोप त्याच्यावर येऊन पडते." मग थोडक्यात तिने सारे सांगितले. महामार्गावर ओल्या रस्त्यावरून मोटारसायकल घसरली होती. हेल्मेट होते, पण ते डोक्यावर नव्हते, हँडलला अडकवलेले होते. अकरा दिवस पोरगा बेशुद्ध होता. पुढे जखम भरली, केस वाढले, टाक्यांची खूण केसांखाली झाकली गेली आणि लोकांच्या लेखी तो बरा झाला. पण दिवसा तो बसल्या जागी झोपे आणि रात्री दोनच्या सुमारास टक्क जागा होई. कामावर डुलकी लागते म्हणून नोकरी गेली होती. मध्यरात्री तो अंगणात, विहिरीच्या बाजूला भटकत असे. म्हणून ही माउली दाराच्या उंबऱ्याशी आडवी गोधडी टाकून निजत होती. म्हणजे निजत नव्हतीच.

जाताना ती दाराशी थांबली. "तुम्ही बोललात त्याचं मला वाईट वाटलं नाही. पण तो आता घरी जाऊन विचारील, आई, हे पाप आहे का? त्याला मी काय सांगू?"

तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान यांचा काही वर्षे अभ्यास करून आम्ही धर्मगुरू झालो होतो. तरीही त्या प्रश्नाला आम्हांला उत्तर देता आले नाही. हा लेख म्हणजे त्या माउलीला फार उशिरा दिलेले उत्तर आहे.

झोपेकडे आपण नेहमीच नीतीच्या चष्म्यातून पाहत आलो आहोत. पहाटे उठणारा तो सद्गुणी, उशिरा उठणारा तो ऐदी. जास्त झोपणाऱ्याला आपण सहज कुंभकर्ण म्हणतो. 'जागृत' हा आपल्या भाषेत गौरवाचा शब्द आहे आणि 'झोपलेला' हा दूषणाचा. आपल्याकडे एक म्हण आहे की, झोपलेल्याला जागे करता येते, पण झोपेचे सोंग घेतलेल्याला जागे करता येत नाही. या म्हणीला दोनच प्रकारची माणसे ठाऊक आहेत. ज्याची झोपच जायबंदी झाली आहे अशा तिसऱ्या माणसाला तिच्यात जागा नाही. हात मोडला तर तो गळ्यात अडकवलेला दिसतो, पाय मोडला तर कुबडी दिसते. झोप मोडली तर काय दिसणार? दिसतो तो केवळ एक तरणाताठा माणूस, दिवसाढवळ्या घोरणारा.

वस्तुतः झोप कुठून येते, हे कोडे माणसाला फार उशिरा उलगडू लागले. पहिल्या महायुद्धाच्या काळात युरोपात मेंदूला सूज आणणारी एक विचित्र साथ पसरली. काही रोगी आठवडेच्या आठवडे झोपून राहत, तर काहींची झोप पार उडून जाई. व्हिएन्ना येथील कॉन्स्टान्टिन फॉन इकोनोमो या डॉक्टरांनी १९१७ साली या रोगाचे वर्णन प्रसिद्ध केले. मृत रोग्यांचे मेंदू तपासताना पुढे त्यांच्या ध्यानात आले की, मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमस नावाच्या बदामाएवढ्या भागाच्या मागील बाजूस इजा झालेली असली तर माणूस अतिशय झोपतो आणि पुढील बाजूस इजा असली तर त्याला झोप येत नाही. जागेपण आणि निद्रा यांना शरीरात स्वतःचे घर आहे आणि ते घर पडू शकते, हे त्यांनी दाखवून दिले. १९९८ साली शास्त्रज्ञांच्या दोन स्वतंत्र गटांनी त्याच भागातील काही पेशींत तयार होणारे, माणसाला जागे ठेवणारे एक द्रव्य शोधून काढले. एका गटाने त्याला ओरेक्झिन म्हटले, दुसऱ्याने हायपोक्रेटिन.

डोक्याला जबर मार बसतो तेव्हा मेंदू कवटीच्या आत हिसकला जातो. त्याचे सूक्ष्म तंतू ताणले जातात, तुटतात आणि ही तुटफूट सीटी स्कॅनमध्ये दिसेलच असे नाही. झुरिच येथील डॉक्टरांनी २००५ साली मध्यम ते गंभीर इजा झालेल्या ३९ रुग्णांच्या पाठीच्या कण्यातील द्रवाची तपासणी अपघातानंतरच्या पहिल्या काही दिवसांत केली, तेव्हा ३७ जणांमध्ये हे जागे ठेवणारे द्रव्य नेहमीपेक्षा कमी आढळले. पुढे बहुतेकांमध्ये त्याचे प्रमाण सुधारते, तथापि सर्वांची झोप पूर्ववत होत नाही. मेंदूला इजा झालेल्यांपैकी सुमारे निम्म्या लोकांना झोपेचा काही ना काही त्रास होतो. कोणाला दिवसा झोप आवरत नाही, कोणाला रात्री ती येत नाही. कोणाच्या शरीरातील दिवसरात्रीचे घड्याळच सरकते. कोणाचा श्वास झोपेत अडकतो आणि रात्रभर झोपूनही तो सकाळी थकलेलाच उठतो.

झुरिच येथीलच २०१५ सालच्या एका अभ्यासाने आम्हांला अधिक अंतर्मुख केले. अपघातानंतर सहा महिन्यांनी ४२ रुग्णांची निरोगी माणसांशी तुलना करण्यात आली. रुग्णांना चोवीस तासांत सरासरी तासभर अधिक झोप लागत होती आणि दिवसा अनावर झोप येण्याचे प्रमाण त्यांच्यात ५७ टक्के, तर निरोगी लोकांत १९ टक्के होते. परंतु खरी मेख पुढेच आहे. यंत्राने मोजलेली झोप आणि रुग्णांनी स्वतः सांगितलेली झोप यांत मोठी तफावत निघाली. आपण किती झोपतो आणि आपल्याला किती झोप येते, हे त्या रुग्णांनाच पुरते उमगत नव्हते. "मी ठीक आहे, मला झोप येत नाही," असे जो म्हणतो तो खोटे बोलत नसतो. जो अवयव साक्ष द्यायचा, त्यालाच मार बसलेला असतो.

आता त्या तरुणाच्या प्रश्नाकडे येऊ. हे पाप आहे का?

संत थॉमस अक्वायनस यांनी माणसाच्या हातून घडणाऱ्या क्रियांत एक महत्त्वाचा भेद केला आहे. विचारपूर्वक आणि इच्छेने केलेली कृती ही खऱ्या अर्थाने मानवी कृती होय. दुसऱ्याच कशात मन गुंतले असताना नकळत हात हलवणे किंवा दाढी खाजवणे या क्रिया माणसाकडून घडतात खऱ्या, पण त्यांना मानवी कृती म्हणता येत नाही. नीतीचे माप पहिल्या प्रकाराला लागते. कॅथलिक ख्रिस्तसभेच्या १९९२ सालच्या धर्मशिक्षणग्रंथातही स्पष्ट शिकवण आहे की, अज्ञान, अनवधान, दडपण, भय, सवय तसेच मानसिक व सामाजिक कारणे यांमुळे एखाद्या कृत्याचा दोष कमी होऊ शकतो, प्रसंगी नाहीसाही होऊ शकतो. या मापाने पाहिले तर त्या तरुणाची मिस्सेतील झोप ही त्याची कृती नव्हतीच, ती त्याच्यावर ओढवलेली आपत्ती होती. छताची कौले फुटून पाऊस घरात आला तर घरमालकाने पाऊस पाडला, असे कोणी म्हणत नाही.

पण आळसाचे काय? तो तर सात प्रमुख पापांपैकी एक. येथे आम्हांला आमचीच जुनी पुस्तके पुन्हा उघडावी लागली. आळस म्हणून ज्याचा आपण अनुवाद करतो, त्या पापाचे जुने नाव 'अ‍ॅसिडिया' असे आहे. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या एव्हाग्रिउस या तपस्व्याने त्याचे वर्णन केले आहे. या विकाराने ग्रासलेला संन्यासी निव्वळ झोपा काढीत नाही. तो पुन्हा पुन्हा सूर्याकडे पाहतो, जेवणाची वेळ झाली का म्हणून बाहेर येतो, कोणी भेटायला येत आहे का ते न्याहाळतो. जागा बदलावी, काम बदलावे असे त्याला वाटते. संत थॉमस या विकाराला देवाच्या देणगीविषयी वाटणारी खिन्नता म्हणतात. जे प्रेम आपल्याकडून कष्ट मागते, त्या प्रेमाचा येणारा कंटाळा म्हणजे हे पाप. असा माणूस चांगला टक्क जागा असू शकतो, भल्या पहाटे उठू शकतो, दिवसभर कामात बुडालेलाही असू शकतो. याउलट झोपेविषयी संत थॉमस किती मायेने बोलतात! दुःखाने पोळलेल्या माणसाला झोप आणि स्नान यांनी आराम पडतो, असे त्यांनी आपल्या महाग्रंथात नोंदवून ठेवले आहे. आई मोनिका निवर्तल्यानंतर संत ऑगस्टिन यांना स्नानाने दिलासा मिळाला नाही. पण झोप लागली आणि जागे झाल्यावर दुःख काहीसे हलके झाले, हे त्यांनी स्वतःच सांगितले आहे.

हे वाचताना आमच्या मनात एक हिशेब उभा राहिला आणि तो आम्हांला टाळता आला नाही. ती माउली आम्हांला 'नवीन' म्हणाली होती. हा तिचा चांगुलपणा होता. वस्तुतः त्या धर्मग्रामात येऊन आम्हांला चौदा महिने झाले होते. म्हणजे तिचा मुलगा बेशुद्ध पडून होता, तेव्हा आम्ही त्याच गावात होतो. आजाऱ्यांसाठीच्या प्रार्थनेत त्याचे नाव आम्ही वाचलेही असेल. पुढे त्याचे काय झाले, हे विचारायला चर्चपासून पंधरा मिनिटांच्या अंतरावरील त्या घरी आम्ही एकदाही गेलो नव्हतो. सभा होत्या, सण होते, बांधकामाचा निधी गोळा करायचा होता. आम्ही पहाटे पाचला उठत होतो. त्या रविवारी चर्चमध्ये आळसाचे पाप होते यात शंका नाही; परंतु ते शेवटून दुसऱ्या बाकावर नव्हते.

डोक्याला इजा झालेल्यांच्या बाबतीत समाजाकडून हेच घडते. अपघाताच्या रात्री सारे कुटुंब, सारी आळी त्याने डोळे उघडावेत म्हणून देवाला विनवीत असते. डॉक्टरही तेच पाहत असतात. ग्लासगो येथील दोन डॉक्टरांनी १९७४ साली शुद्धीची जी मोजपट्टी तयार केली, तिच्यात डोळे उघडणे, बोलणे आणि हालचाल या तीन गोष्टींना मिळून ३ ते १५ असे गुण दिले जातात. पहिला प्रश्न असतो तो डोळ्यांचा. डोळे उघडले की आपण देवाचे आभार मानतो, मेणबत्त्या लावतो, नवस फेडतो. आणि सहा महिन्यांनी तेच डोळे भरदुपारी मिटले की आपण रागावतो. सरकारी आकडेवारीनुसार २०२२ साली भारतात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली आणि ४,४३,३६६ जखमी झाली. मृतांसाठी आपण मिस्सा अर्पण करतो. जखमींविषयी 'वाचला' एवढाच शब्द उच्चारतो. त्या एका शब्दानंतर किती घरांत किती रात्री जागून काढल्या जातात, याची नोंद कुठेच होत नाही.

या संदर्भात अमेरिकेतील एका गुलाम स्त्रीचे जीवन आम्हांला फार बोलके वाटते. हॅरिएट टबमन हिचा जन्म सुमारे १८२२ साली मेरीलँड राज्यात झाला. वयाच्या बाराव्या-तेराव्या वर्षी बकटाउन या खेड्यातील एका दुकानाच्या दारात ती उभी होती. पळून जाणाऱ्या एका गुलामावर मुकादमाने सुमारे दोन पौंडांचे लोखंडी वजन फेकले आणि ते हिच्या डोक्यावर बसले. नीट उपचार झाले नाहीत. रक्त वाहत असतानाच तिला पुन्हा शेतात राबायला लावले. तेव्हापासून जन्मभर तिला बोलता-बोलता, काम करता-करता एकाएकी झोप लागे. मालकाने तिला विकायचा प्रयत्न केला, पण गिऱ्हाईक मिळेना. बाजाराच्या हिशेबी ती निरुपयोगी झाली होती.

हीच स्त्री १८४९ साली गुलामगिरीतून निसटली आणि त्यानंतर सुमारे तेरा वेळा जिवावर उदार होऊन परत गेली व सत्तरेक माणसांना तिने स्वातंत्र्याच्या वाटेने बाहेर काढले. रात्रीचा प्रवास, मागावर शिकारी कुत्री, पकडले गेल्यास फटके आणि विक्री. अशा प्रवासातही तिला वाटेत झोप लागे आणि तिच्या मागून आलेली माणसे ती जागी होईपर्यंत तिच्याभोवती थांबून राहत, असे तिच्या चरित्रांत सांगितले जाते. एकेका घटकेला मोल असताना ही माणसे झोपलेल्या वाटाड्यावर रागावली नाहीत, तिला सोडून पुढे गेली नाहीत. तिच्याबरोबरचे एकही माणूस वाटेत गमावले गेले नाही. उतारवयात डोक्यातील वेदनांमुळे तिला रात्री झोप येईना. तेव्हा १८९० च्या दशकाच्या अखेरीस बॉस्टन येथील मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयात तिच्या डोक्यावर शस्त्रक्रिया झाली. दिवसा नको असलेली झोप आणि रात्री हवी असून न येणारी झोप, एकाच जखमेची ही दोन्ही रूपे तिने भोगली. १९१३ साली ती देवाघरी गेली. ज्या झोपेमुळे ती बाजारात कवडीमोल ठरली, त्या झोपेसह देवाने तिला कामास लावले. तिच्या श्रद्धेचे मोल आहेच. पण तिच्याभोवती अंधारात थांबून राहिलेल्या त्या अनाम माणसांचेही आहे.

येथे एक रास्त आक्षेप घेता येईल. सर्वच दोष मेंदूच्या माथी मारले तर माणूस म्हणजे निव्वळ यंत्र ठरणार नाही का? मग खरा आळशी कोणाला म्हणायचे? आणि जखमी माणसावर कसलीच जबाबदारी उरत नाही काय?

आमच्या मते उरते आणि ती उरणे हा त्याचा सन्मान आहे. 'त्याला काय कळते' असे म्हणून त्याला सर्व जबाबदारीतून मोकळे करणे, ही चर्चमधल्या हशाइतकीच मोठी अवहेलना होय. झोप येणे त्याच्या हाती नाही. पण झोप येते हे ठाऊक असताना मोटारसायकल चालवायची की नाही, हे त्याच्या हाती आहे. डॉक्टरांकडे जाणे, सांगितलेल्या वेळी उठणे, मद्याला शिवायचे नाही हे ठरवणे, झोपमोडीच्या चिडीत भावावर हात उगारला तर सकाळी त्याची क्षमा मागणे, हे सारे त्याच्या हाती आहे. जागेपणीचे जे तास त्याला लाभतात, त्या तासांचा तो धनी आहे. आपण मात्र त्याला त्याच्या निद्रेच्या तासांवरून जोखतो.

याहून मोठा वाटा जाग्या माणसांचा आहे. एलिया संदेष्टा जिवाला कंटाळून रानात झुडपाखाली झोपला, त्या प्रसंगी देवदूताने त्याला फैलावर घेतले नाही. त्याने भाकर आणि पाणी पुढे ठेवले. एलिया जेवला आणि पुन्हा झोपला. देवदूत दुसऱ्यांदा आला तोही अन्न घेऊनच. आपल्या घरातील भाकर-पाणी म्हणजे काय? रुग्णाला मेंदूविकारतज्ज्ञाकडे नेऊन झोपेचा विषय आपणहून काढणे, कारण तो स्वतः काढीलच असे नाही. झोपेत तो मोठ्याने घोरतो का, त्याचा श्वास मध्येच थांबतो का, हे शेजारी निजणाऱ्याने डॉक्टरांना सांगणे. झोपेच्या गोळ्या शेजाऱ्याच्या सल्ल्याने न देणे, कारण काही गोळ्या जखमी मेंदूला अधिकच मंदावतात. रोज एकाच वेळी त्याला उठवणे, सकाळच्या उजेडात बसवणे, दुपारची थोडी विश्रांती त्याचा हक्क मानणे. आणि उंबऱ्यावर गोधडी टाकून निजणाऱ्या आईला आठवड्यातून दोन रात्री तरी 'आज तू आत जाऊन झोप' असे म्हणणारे कोणी असणे. ही शेवटची गोष्ट औषधाच्या दुकानात मिळत नाही. ती भाऊ देऊ शकतो, शेजारी देऊ शकतो, धर्मग्राम देऊ शकतो.

प्रार्थनेच्या वेळी झोप लागते म्हणून जे स्वतःला दोष देतात, त्यांनी लिझ्यूच्या संत तेरेजा यांची आठवण ठेवावी. कार्मेल मठात कित्येक वर्षे चिंतनाच्या वेळी त्यांना डुलकी लागत असे. आईबापांना झोपलेले लेकरूही तितकेच लाडके असते आणि शस्त्रक्रियेच्या वेळी डॉक्टर रोग्याला झोपवतातच, या विचाराने त्या समाधान मानीत. १९९७ साली ख्रिस्तसभेने त्यांना धर्मपंडिता म्हणून गौरवले. आणि ज्यांच्या डोळ्याला रात्री डोळा लागत नाही, त्यांना आम्ही एवढेच सांगू की, इस्राएलचा राखणदार झोपत नाही, अशी स्तोत्रकर्त्याची श्रद्धा आहे. आपण झोपू शकतो ते कोणीतरी जागे आहे म्हणून. ज्याला झोप येत नाही, तोही त्या जागणाऱ्याच्या सोबतीने जागत असतो.

प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात युतुख नावाच्या तरुणाची कथा येते. त्रोवस येथे माडीवर संत पौल मध्यरात्रीपर्यंत बोलत राहिले. खिडकीत बसलेला युतुख झोपेने कोसळला आणि तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. लोकांनी त्याला उचलले ते मेलेला समजून. प्रवचनात झोपणाऱ्याची ही पवित्र शास्त्रातील सर्वांत प्रसिद्ध कथा आपण हसत-हसत सांगतो. पण संत पौलांनी काय केले ते पाहावे. त्यांनी प्रवचन थांबवले, ते जिना उतरून खाली गेले, त्या तरुणावर ओणवे झाले आणि त्याला कवटाळले. त्याच्यात प्राण आहे, असे लोकांना सांगून त्यांनी धीर दिला. मग वर जाऊन भाकर मोडली. झोपेबद्दल एक शब्दही त्यांनी उच्चारल्याचे लिहिलेले नाही.

आम्हांला तो जिना उतरायला एक आठवडा लागला. पुढच्या रविवारी दुपारी आम्ही त्या घरी गेलो. ओटीवर तो झोपला होता. आई त्याला उठवायला निघाली तेव्हा आम्ही तिला थांबवले आणि तिच्याबरोबर ओटीवर बसून राहिलो. बाहेर केळीच्या पानांवर पाऊस वाजत होता. पाऊण तासाने तो जागा झाला. समोर धर्मगुरू पाहून तो गडबडला आणि त्यानेच आधी आमची क्षमा मागितली. आम्ही त्याला म्हणालो, "हे पाप नाही. तुझ्या आईने विचारले होते, म्हणून सांगायला आलो. पाप माझ्या हातून घडले आहे." तो काही वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "फादर, चहा घेणार?"

आज तो घरच्या वाडीत काम करतो. दुपारी तासभर झोपतो आणि ते कोणी मनावर घेत नाही. रात्री अजूनही कधी-कधी जागा होतो. सकाळच्या मिस्सेऐवजी शनिवारी संध्याकाळच्या मिस्सेला येतो, कारण त्या वेळी त्याचे डोके अधिक ताजे असते. हे घडायला काही वर्षे, एक चांगला डॉक्टर आणि दोन शेजारी लागले.

एक ऋण मात्र राहून गेले होते. आम्ही त्याची क्षमा घरी मागितली. पण अपमान केला होता तो सर्वांसमक्ष, वेदीजवळून. तेथून क्षमा मागण्याचे धैर्य त्या वेळी आम्हांला झाले नाही आणि पुढे आमची बदली झाली. त्या दिवशी जे हसले होते, त्यांतील काहीजण हे त्रैमासिक वाचतात. त्या माउलीची आणि तिच्या मुलाची अनुमती घेऊन ती क्षमा आम्ही आज येथे मागत आहोत.